ट्रंक कॉल

मे महिना. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून
मी फ्रिजमधून कुपी काढतो,
सांबाराच्या जुडीखालून,
थंडी जावी म्हणून तळहातात फिरवतो.
बारा युनिट. पोट चिमटीत.
तू खिडकीकडे बघत विचारतेस,
"काऊन जी, कोणाचं लग्न आहे आज?"

धंतोलीच्या डॉक्टर पौनीकरांनी
चिठ्ठीच्या पाठीवर मेंदू काढून दाखवला.
फुलकोबी झाली त्याची.
म्हणाले, इन्शुलिन म्हणजे नुसती साखरेची चौकीदारी नाही,
वर मेंदूतही त्याचा कारभार असतो.
पेशींनी एकमेकींशी बोलावं,
बोललेलं टिकून राहावं,
यात त्याचाही हात.
दारं त्याला ओळखेनाशी झाली की
रक्तात असतं पुष्कळ, आत निरोप जात नाही.
"बाईंचं तेच आहे असं छातीठोक सांगत नाही,
पण साखर सांभाळा."

मला दारं नाही कळली.
मला कळलं, घंटी वाजते आहे
आणि रिसीव्हर कोणी उचलत नाही.

सीताबर्डीच्या एक्स्चेंजात तू, कानाला हेडफोन,
दोन्ही हातांत दोऱ्या.
वर्धा, गोंदिया, काटोल, उमरेड,
भोकात पिन गेली की गाव बोलायचं.
कापसाच्या दलालाचा नंबर तुला पाठ,
त्याच्या बायकोच्या माहेरचाही.
मी तुमसरला मँगनीजच्या ऑफिसात कारकून;
तुझा चेहरा बघायच्या आधी
सात महिने तुझा आवाजच बघितला.

आता गॅस पेटलेला, वर दूध नाही.
चष्मा तांदळाच्या डब्यात.
प्रणिताचं नाव ओठांवर येता येता
नुसती खरखर.

काल रात्री लाइट गेली.
कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवली
आणि का कोण जाणे, अंधारात म्हटलं,
"हॅलो नागपूर? तुमसर बोलतो. अर्जंट लावा."
तू उठून बसलीस. पाठ ताठ.
"नंबर बोला."
मी आपल्याच घराचा जुना, पाच आकडी सांगितला.
एक आकडा चुकला. तू दुरुस्त केलास.
मग बराच वेळ तुझा हात
हवेत भोक शोधत राहिला.

मी काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.
उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचंय,
कूलरचा पंप आवाज करतो, असलंच.
काही पोचलं असेल, काही तारेवरच राहिलं.
लाइट आली, कूलर घरघरला,
तेव्हा तू परक्या, कामाच्या आवाजात म्हणालीस,
"तीन मिनिटं झाली, साहेब. वाढवायचं?"