बावीस खोकी

देवरुखहून ट्रक निघाला तेव्हा बावीस खोकी होती.
प्रत्येकावर शरयूचं अक्षर, काळ्या मार्करनं:
यांचं. यांचं. यांचं, भांडी.
यांचं, हिवाळ्याचं.
मी म्हटलं, कोकणातल्या माणसाकडे हिवाळ्याचं काय असणार?
एक मफलर, त्यालाही कसर लागलेली.
म्हणाली, तिथे लागेल.
एकाच खोक्यावर 'माझं' होतं.
औषधांच्या दुकानातून मागून आणलेलं,
काखेत मावेल एवढं.

स्वादुपिंड.
दहावीत आकृतीसकट पाठ केलेला शब्द
डॉक्टरांच्या तोंडून पुन्हा भेटला.
त्यात स्वाद आहे. त्यात पिंडही आहे.
त्यापुढे मी तो फोडत बसलो नाही.

एकतीस वर्षं तुमच्या बदल्यांमागे फिरले, ती म्हणाली,
आता तुम्ही माझ्या गावी चला.
बहिणीजवळ राहू थोडे दिवस.
थोडे म्हणजे किती, तिनं सांगितलं नाही.
मी ट्रकवाल्याशी दर ठरवत बसलो.

ग्वाल्हेर, दौलतगंज. जीजीच्या घरापासून चौथं दार.
त्रेसष्टाव्या वर्षी घरजावई.
दूधवालासुद्धा मला जिजाजी म्हणतो.
घोसाळ्याला इथे गिलकी म्हणतात, कोथिंबिरीला धनिया,
आणि शरयूही म्हणते, सहज,
जशी मधली एकतीस वर्षं कुणी उधार नेली होती आणि परत केली.
जीजीशी बोलताना तिच्या मराठीत
मध्येच हिंदीची एखादी खिडकी उघडते,
ती बाहेर डोकावते, अठरा वर्षांची.
मी खाली गल्लीत उभा. मला ती ओळखत नाही अजून.

मंगळवारी केमो.
जीजी दहा रुपयांवरून ऑटोवाल्याशी भांडते,
इतकी, की मला कळतं, भांडण संपलं तर ती रडेल.
वॉर्डाच्या खिडकीतून किल्ला दिसतो, लांबच लांब, आडवा.
लहानपणी वाटायचं, शरयू म्हणते,
आपण जाऊ तिकडे हा मागे मागे येतो.
मग, देवरुखला आला होता?
नाही ना, म्हणाली. सलाइनचा हात न हलवता हसली.

डिसेंबरात सुधाकररावांनी गजक आणली.
तिच्या जिभेला आता सगळं लोखंड लागतं.
तिनं एक वडी कानाजवळ नेऊन मोडली,
आवाज ऐकला,
अर्धी मला दिली.
मग उरलेली अर्धीही.

त्याच आठवड्यात, केमोच्या रात्री
जीजी मुक्कामाला होती.
मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा,
दोघी हळू आवाजात.

वांगं खात नाहीत. चालेल म्हणतात, पण खात नाहीत.
साखरेची गोळी चहाच्या आधी. विसरतात.
चिडले की पेपरच्या घड्या घालतात, तेव्हा काही विचारू नकोस.
सुधाकररावांना सांग, सकाळी फिरायला हाक मारायची,
पायऱ्या चढून, दारात. फोन नको.
सोबत लागते यांना. मागत नाहीत.

जीजी लिहून घेत होती,
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूनं.

वीज मंडळात माझ्या सात बदल्या झाल्या.
दर वेळी ऑर्डर हातात यायची, गोल शिक्क्याची,
जॉइनिंगची तारीख टाकलेली.
मी अंधारात तांब्या धरून उभा राहिलो
आणि खोकी मोजली.
एकवीस.
एकवीस, आणि ते एक.

तहान तशीच घेऊन परत जाऊन पडलो.
ती आली तेव्हा झोपल्यासारखा श्वास घेतला.
तिनं माझ्या पायावरची रजई सारखी केली.
तिचे हात गार होते, रजईतूनही कळत होते,
किंवा मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जीजीनं भरली वांगी केली नाहीत.
ताटात घोसाळ्याची भाजी होती, मऊ, हिरवट, पाणी सुटलेली.
मी सगळी संपवली.
मग म्हणालो, जीजी, थोडी गिलकी वाढा.

शरयूनं मान वर केली.
जीजीकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही.