बेबाकी

सुरक्षेसाठी विचारतो, गेथिन म्हणाला,
आईचं माहेरचं आडनाव?
ठोंबरे, म्हटलं.
टी फॉर टँगो, एच फॉर हॉटेल, ओ फॉर ऑस्कर,
अशी एकेका अक्षरानं आई
ग्रिम्सबीहून स्वान्सीपर्यंत तारेवरून चालत गेली.
तिनं जन्मात कुणाकडून वाटीभर साखरही
उसनी आणली नव्हती.

कर्ज कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही.
समोर पडद्यावर असणारच: दात.
खालचे, उजवीकडचे, दोन.
पाच हजार दोनशे पौंड, साठ हप्ते.
सरकारी दंतवैद्याच्या यादीत माझा नंबर लागेपर्यंत
उरलेलेही गेले असते.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
मी कोरले.
एकतीस महिने बस सोडून पायी,
फ्रीमन स्ट्रीटवर हंबरचं वारं थेट तोंडावर,
नाताळात दुसऱ्यांच्या पाळ्या,
डब्यात तीच मसुराची आमटी.
पोट नाही, खातं भरलं.

आता सगळं एकदम देऊन टाकते, म्हटलं.
तो जरा गप्प झाला.
मग, दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात,
मुदतीआधी फेडताय तर
अठ्ठावन्न दिवसांचं व्याज जादा बसेल.
लवकर उठलेल्या पाहुण्याकडून
न वाढलेल्या ताटाचे पैसे.
बसू दे, म्हटलं.
आणि कार्डावरचे सोळा आकडे वाचले,
सावकाश, स्वतःलाच ऐकू जातील असे.

रात्रपाळीला मी डोरीनबाईंची कवळी धुते.
पेल्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची,
नाहीतर एकाचं हसू दुसऱ्याच्या तोंडात जातं.
झालंय तसं एकदा, सात नंबरच्या खोलीत.
बाई एकवीस वर्षांच्या असताना, लग्नाच्या तोंडावर,
वडिलांनी त्यांचे सगळे दात काढवले होते.
किडलेले, धड, सगळे.
भेट म्हणून. होणाऱ्या नवऱ्याला पुढं खर्च नको.
एकरकमी मिटवलं गं, त्या बोळक्यातून सांगतात
आणि हसतात,
आणि मी नळ जरा मोठा सोडते.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं.
बाकी: एक्केचाळीस पेन्स.
सोमवारी बँक हॉलिडे, पैसे पोचले मंगळवारी,
त्या एका दिवसाचं.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.

फोन केला. वीस मिनिटं पियानोचं तेच तुणतुणं,
मग कुणी मोरवेना.
पुन्हा आई, पुन्हा टँगो, पुन्हा हॉटेल.
कार्डावरून एका पौंडाच्या खाली घेता येत नाही,
ती म्हणाली, स्वतःच ओशाळून.
घे बाई, म्हटलं, पौंड घे.

आणि काल चेक आला.
एकोणसाठ पेन्स, माझ्या नावाचा, छापील सहीचा.
सोबत पत्र: कृपया लवकरात लवकर वटवावा,
तोवर आपलं खातं बंद करता येत नाही.

फ्रीजवर लावलाय,
क्लीथॉर्प्सच्या जत्रेतल्या खेकड्याच्या चुंबकाखाली.
येता जाता बघते.
गेथिनला कुणी विचारत असेल का,
त्या ग्रिम्सबीच्या बाईचं काय झालं?

इचलकरंजीहून बहिणीचा फोन.
सगळं बोलून झाल्यावर, सवयीनं,
बाकी काय?
एकोणसाठ पेन्स, म्हटलं. येणं आहे.
कुणाकडून गं?
थांब जरा, म्हटलं,
तोंडात चणे आहेत.