हवा वर जाते

ऑगस्टात, खिंडीच्या उतारावर, ब्रेक गेले.
एकदम नाही. विझत गेले,
तापलेल्या ड्रमच्या पोटात,
पायाखालचं पेडल फळीला टेकेपर्यंत.
मागच्या टाकीत बाराशे गॅलन पाणी,
आग विझवायला निघालेलं.
लायलने गिअर खाली ओढला, ट्रक खडीत घातला,
आणि अर्दिस ब्रेक्केच्या टपालपेटीपासून हातभर अलीकडे
ते सगळं लोखंड धापा टाकत थांबलं.
मागच्या चाकांचा वास
आठवडाभर माझ्या नाकातून गेला नाही.

आता नोव्हेंबर. मोंटानातली शेड, फुरफुरती डिझेलची शेगडी.
आमच्या अग्निशमन दलात माणसं नऊ,
त्यात पाना हातात धरणारी मी एकटी.
आठ बोल्ट काढले की शाफ्ट बाहेर सरकतो,
लांब, काळा, वंगणाने माखलेला.
मग हबचा नट. बेअरिंग. शेवटी ड्रम,
चाळीस हिवाळे जागचा न हललेला.
हातोड्याला दाद देईना,
शिव्यांना दिली.

काय कशाला बसतं, ही सोयरीक निराळीच.
आमचा ट्रक जंगलखात्याने विकलेला,
आणि डिस्क मिळाल्या शाळेच्या एका भंगार बसच्या.
(त्याच बसने लायल सातवीपर्यंत गेला;
मागच्या सीटवर त्याचं नाव अजून कोरलेलं आहे, चुकीच्या स्पेलिंगचं.)
ॲक्सल एकाच घराण्यातला, नंबरही जुळला,
पण ब्रॅकेटची भोकं दोन मिलिमीटर बाहेर.
छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले.
उरलेले चार मी कानशीने जुळवले.

बस होती ऑरिन स्कारच्या यार्डात.
ऑरिन आणि मी सात वर्षं बोलत नाही.
कुंपण. त्याचे खांब, माझी जमीन,
किंवा माझे खांब; कोर्टालाही नीट कळलं नव्हतं.
म्हणून पैसे घेऊन मी लायलला पाठवलं.

रात्री अकरापर्यंत आम्ही हवा काढत होतो.
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
ब्रेक ऑइलच्या चार बाटल्या संपल्या
आणि पेडल अजून ओल्या स्पंजासारखं.
इतक्यात दार सरकलं.
टोपीवर बर्फ, हातात कॅलिपरच्या दोन पिना:
"ह्या राहिल्या होत्या," ऑरिन लायलला म्हणाला.
मग वाकला, ट्रकखाली पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.

"डावा उजवीकडे लावलाय," तो चाकाला म्हणाला.
"ब्लीडर खाली आलाय. हवा वर जाते."

दिसायला दोन्ही सारखे. बोल्ट सारखे, पॅड सारखे,
कुठेही लावले तरी मुकाट्याने बसतात.
फक्त हवेला बाहेर पडायची वाट
एकाच बाजूने असते.

आम्ही अदलाबदल केली. पेडल दगडासारखं आलं.
चाक फिरवून पाहिलं तर जड.
पाय कुणाचाच नव्हता, तरी पॅड घासत होतं.
ऑरिनने पाइपमधला एक छोटा व्हॉल्व्ह काढून
माझ्या तळहातावर ठेवला. आता मात्र माझ्याशीच बोलला:
"ड्रमला थोडा दाब कायम धरून ठेवावा लागतो.
डिस्कला चालत नाही."
मी म्हणाले, "माहीत होतं मला."
नव्हतं.

पहाटे खिंडीवरून भरल्या टाकीने खाली आलो.
तीनदा थांबलो, मुद्दाम,
तिसऱ्यांदा अर्दिसच्या टपालपेटीपाशी.
ती खिडकीत उभी होती, कॉफी घेऊन. हात केला नाही.

एक गोष्ट राहिलीच: हँडब्रेक.
तो ड्रमबरोबर गेला.
ते वसंतात बघू. तोवर उतारावर उभं करायचं
तर चाकाखाली काहीतरी हवं.
ऑरिन त्याच्या पिकअपमधून सीडरचा एक खांब घेऊन आला,
तुटका, एका टोकाला गंजलेली तार.
मी खांब ओळखला.
तोही बघत होता, मी ओळखते का.
पायाने ढकलून चाकाखाली सारला.

ट्रक जरासा मागे रेलला.
थांबला.