प्रति,

शाणू च्यारी काउंटरवर पिशवी उपडी करतात.
अकरा पाकिटं, एक सुटा अळसांद्याचा दाणा,
आणि बांबोळीचा केसपेपर, घड्यांवर फाटलेला.
"बाय, ह्यातली चक्कर कुठली तेवढी काढून दे."

डिचोलीच्या बसस्टँडसमोर माझी फार्मसी.
चक्कर काढून देण्याचं शिक्षण मला नाही.
तरी वाचते.
हृदयवाला सोमवारी, मूत्रपिंडवाला गुरुवारी,
गुडघे म्हापशात. डोळ्यांची तारीख पुढच्या चवथीनंतर.
ज्याने त्याने आपला तुकडा नीट पाहिलाय,
खोटं कशाला बोलू.
पण पहाटेच्या कदंबात दांडा धरून
हे सगळे तुकडे एकत्र घेऊन जो गेला
त्याच्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

गुलाबी गोळी आणि पांढरी गोळी
मी शेजारी शेजारी ठेवते.
कंपन्या दोन, नावं दोन, डॉक्टर दोन.
औषध एकच.
दीड महिना हा माणूस ते दुप्पट घेतोय
आणि न्हाणीत पडला तेव्हा
सून फोनवर म्हणाली, वयच झालं ना आता.

ते हसतात. पुढचे दोन दात नाहीत.
"दार करायचं तर आधी भिंत बघायची, ओल बघायची,
पावसात फणस किती फुगतो ते बघायचं.
हे लोक नुसती बिजागरी बघतात."

ह्याच रस्त्यावर पोरांचे डॉक्टर तीन.
एकाच्या पाटीवर बदक आहे.
म्हाताऱ्यांचा एक पणजीला बसतो म्हणे,
कुणी पाहिलेला नाही.

मी चिठ्ठी लिहायला घेते. प्रति,
आणि थांबते.
सोमवारला लिहू, की गुरुवारला?
एकाचं बंद करायचं तर दुसरा म्हणेल माझंच का.
पंखा फिरतोय. मागे कुणीतरी क्रोसिन मागतंय.

तेवढ्यात शाणूबाब
कानामागची पेन्सिल काढतात,
सुतारकाम सुटून नऊ वर्षं झाली, पेन्सिल आहे,
आणि गुलाबी पाकिटावर
फुली मारतात, जशी कापायच्या लाकडावर मारतात,
हात जराही न हलता.
माझ्याकडे बघतात.

मी हो म्हणाले नाही.
नकोसुद्धा म्हणाले नाही.
दाणा तेवढा उचलून त्यांच्या पिशवीत टाकला.