सतरा पावलं

तांडापेठेत माझी एकच खोली,
खोलीत तिखट कांडायचं मशीन.
मार्च लागला की अख्खी गल्ली शिंकते
आणि मला शिव्या देते, मायेनं.

चाळीस हजार मिळाले
पाच बायांनी एकमेकींसाठी सही केल्यावर.
दोन मुसळांच्या जागी चार मुसळांचं आलं.
वाटलं, आता धावेल धंदा.
मुसळं धावली.
दारात पिशव्यांची रांग तेवढीच
आणि मी आत-बाहेर, आत-बाहेर.

मग समाजभवनात चार दिवसांचं प्रशिक्षण.
पंखा बंद, समोसा वेळेवर.
एक पोरगी, माझ्या लेकीएवढी,
फळ्यावर लिहिते: खर्च.
मी सांगते, मिरची गिऱ्हाइकाची,
माझी वीज, पट्टा, ग्रीस, भाडं.
ती म्हणते, अन् तुम्ही, काकू?
मी कुठं?
स्वतःला किती देता रोजचे?
बाया हसल्या. मीही.
मग बराच वेळ कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती खोलीवर आली,
नाकाला ओढणी, हातात खडू.
काट्यापासून मशीन, मशीनपासून चाळणी,
चाळणीपासून परत दार:
एका पिशवीमागे बेचाळीस पावलं.
काटा उंबऱ्याशी आणला,
चाळणी खिडकीखाली.
सतरा.
याला कर्जातला एक रुपयाही लागला नाही.
मंगळवारी हप्त्याला आलेल्या निखाडे सरांना सांगितलं,
ते शिंकले, पावती फाडली, गेले.

चित्रलेखा हेडाऊला तेच कर्ज, तेच समोसे.
तिनं माझ्याहून नेटकी वही लिहिली.
वहीनं सांगितलं, फॉल-पिकोत
सहा वर्षं घरचेच पैसे जातायत.
तिनं शटर ओढलं.
तिचे तीन हप्ते आम्ही चौघींनी भरले,
कुरकुरत, पण भरले.
आता ती दुसऱ्याच्या दुकानात आहे, महिन्याला पगार.
शिकणं वाया गेलं का गं, म्हटलं.
म्हणाली, तोटा आधीही होता,
फक्त मला ओळखत नव्हता.

माझ्या वहीत शेवटची ओळ: मजुरी, वच्छला.
पुढे आकडा, पेन्सिलीनं.
मंगळवार जड गेला की अजून खोडते.

पण चारला पिशव्या संपतात हल्ली.
मी दारात स्टुलावर बसते,
पदरात तिखटाचा वास, हात मोकळे.
जाऊ जाता जाता थबकते:
काहून बसली वो?
बरं नाही का?