फॉर्म क्रमांक सत्तेचाळीस

मासेरूच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
मी फॉर्म भरतो. म्हणजे
नर्सबाईंनी भरलेले पुन्हा यंत्रात भरतो.
एक ते पाच. एक म्हणजे मुळीच नाही,
पाच म्हणजे अगदी.
आशा, चिकाटी, कामावरचा जीव,
सगळ्यांना एकेक रकाना.
दर फॉर्ममागे मला चार मालोटी.

सत्तेचाळीस नंबर आला मोखोटलाँगच्या डोंगरातून,
आठवडाभर उशिरा,
कोपऱ्यावर आंबट लापशीचा डाग घेऊन.
नाव लिहायचं नसतं. तिनं लिहिलंय:
न्थाबेलेंग, बालकक्ष, रात्रपाळी.

प्रश्न तीन. सकाळी उठल्यावर कामावर जावंसं वाटतं?
सकाळी मी झोपायला जाते.

प्रश्न सात. अडचणीतून मला अनेक वाटा दिसतात.
चार. खोडून दोन. शेजारी बारीक अक्षरात:
वाट एकच आहे, जुलैत तीही बर्फाखाली.

प्रश्न अकरा. ही नोकरी सोडावीशी वाटते.
पाचाभोवती गोल.
एकाभोवतीही गोल.

यंत्र दोन गोल घेत नाही. ओळ लाल होते.
मी पान उलटलं,
मागे कदाचित खुलासा असेल म्हणून.

दहा चाळीस, पस्तीस पॉइंट एक.
अकरा दहा, पस्तीस पॉइंट चार.
लाईट गेली. जनरेटर खोकला, गप्प झाला.
बारा, पुन्हा पस्तीस. माझं ब्लँकेट.
बारा वीस, आई अजून शुद्धीवर नाही.
मीच घेतलंय छातीशी.

इथून अक्षर बदलतं, गोल, शाळकरी:
सिस्टरचे हात मोकळे नाहीत,
त्या सांगतात तसं मी लिहितो, वॉर्डबॉय लेफू.
एक पाच, पस्तीस सात.
सिस्टर म्हणतात, बोलू नकोस.

मग बराच वेळ कोरा कागद.

पाच पन्नास, पुन्हा तिचं अक्षर:
छत्तीस पॉइंट सहा. दूध पाच मिली.
रडलं.

मी फोन लावला. नियमात बसत नाही.
अकराव्या प्रश्नाचं विचारायचं होतं,
कोणता गोल धरू?

"किती वाजताचं हवंय?" ती म्हणाली.
"साडेबाराला पाच. उजाडताना एक.
पगार लांबला की परत पाच."

मग सरासरी तीन टाकतो, मी म्हणालो.

पलीकडे ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं.
"तीन?
तीनला तर मी त्याचे श्वास मोजत होते.
तेव्हा मला काहीसुद्धा वाटत नव्हतं, भाऊ.
मोजताना वाटत नाही.
थांबा हं."

तिनं फोन बंद केला नाही, नुसता बाजूला ठेवला.
चपलांचा आवाज. नळ.
कुणाला तरी दटावणं, कुणाला तरी चुचकारणं,
एकाच आवाजात.
मी ऐकत बसलो. ती परत आली नाही.

सत्तेचाळीसची ओळ अजून लाल आहे.
बाई विचारतात, मी म्हणतो, दुरुस्ती चालू आहे.
त्या फॉर्मचे चार मालोटी मला मिळाले नाहीत.
फोनला नऊ गेले.