घट-तूट

झाकणाच्या आवाजावरून कळतं मला, कोण ते.
पितळी डबा कुरकुरत फिरला तर यमू.
कुडाळच्या शाळेत हेडमास्तरीण, पन्नाशीला दोन वर्षं कमी,
रक्तात साखर,
पण खाजं अजून चावत नाही, गालात धरून विरघळवते,
म्हणजे आवाज होत नाही असं तिला वाटतं.
मडक्यावरची ताटली आपटली तर अंकुश.
पनवेलात दिवसभर दुसऱ्यांची कर्जं मंजूर करतो,
इथं रात्री एकला उकिडवा बसून
कालच्या बांगड्याचं तिखलं
मडक्यातूनच, भाकरीच्या तुकड्यानं.
दिवा लावत नाहीत. मोबाईलचा उजेड.
घर आपलंच आहे हे दोघांनाही माहीत,
तरी दिवा लावत नाहीत.

ही शेजारी डोळे मिटून, झोपल्याचं सोंग.
"सगळा संपवतले," मी म्हणतो.
"गप ऱ्हवा."
संध्याकाळी हिनंच खाज्याचा डबा वरच्या फळीवरून उतरवला
आणि तांदळाच्या पिंपामागं लपवला,
असा, की शोधणाऱ्याला वाकावंही लागू नये.
चार भाकऱ्या जास्त थापल्या.
विचारलं तर म्हणाली, पीठ उरला होता.

निवतीच्या मच्छीमार सोसायटीत तेहतीस वर्षं मी स्टोअरकीपर.
डिझेल, बर्फ, जाळ्यांचं सूत.
बर्फ वितळायचा, डिझेल उडायचं,
त्यासाठी रजिस्टरात एक रकाना असे : घट-तूट.
शंभरात दोन मंजूर. वर गेलं की लेखी खुलासा.
ती सवय सुटत नाही. कुळथाची पिठी, सोलं, गोलमो, फणसपोळी,
सगळं कॅलेंडरच्या पाठीवर मांडून ठेवतो,
आणि मुलं परत गेली की हिच्यासमोर मोठ्यानं वाचतो :
फणसपोळी, अर्धी शिल्लक. कारण, उंदीर.
लोणचं, तळ दिसतो, चमचा आतच. कारण, चष्मेवाला उंदीर.
ही हसते.
मग दुपारभर डबे घासत बसते.
रिकामे डबे घासताना ती मला कधी हाक मारत नाही.

गेल्या मार्गशीर्षात डोळ्याच्या ऑपरेशनला
सतरा दिवस अंकुशकडे होतो.
सून चांगली. आग्रहानं वाढायची.
एका रात्री भूक लागली, खरीखुरी.
फ्रिजसमोर उभा राहिलो, एका डोळ्यावर पट्टी.
आत कुठं काय आहे तेही ठाऊक होतं,
दुसऱ्या खणात वाटीभर दहीभात, ताटलीखाली.
हात दांडीपर्यंत गेला.
पाणी प्यायलो. नळ अगदी बारीक सोडून.
सकाळी सुनेनं विचारलं, झोप लागली ना बाबा?
म्हटलं, मस्त.
हे मी हिला सांगितलेलं नाही.
तीही महिनाभर यमूकडे राहून आली होती,
तिनंही काही सांगितलेलं नाही.

आज उठलो. अनवाणीच गेलो.
दोघं थिजली.
यमूचा हात पाठीमागं, एक गाल फुगलेला.
अंकुशच्या मिशीवर तिखल्याचा लाल थेंब.
खाडीवर कुणाचं तरी इंजिन
दोरी ओढून ओढून सुरू होत नव्हतं.
"माका व्हया थोडा," मी म्हटलं.
"उरला आसात तर."

कोणी हसलं नाही.
अंकुशनं मडकं उजेडाकडं कलतं केलं,
आतला मोठा तुकडा शोधून, शेपटीकडचा नव्हे,
भाकरीवर ठेवला
आणि सरकून पाटावर जागा केली.
यमूनं गाल रिकामा केला, म्हणाली, "बाबा, काटो बघा हां."

तेवढ्यात आतून हिचा आवाज, झोपेचा लवलेश नसलेला :
"त्येंका तिखट सोसाचा नाय.
कढी आसा फळयेर. झाकून ठेवलंय."

फळीवर कढीशेजारी वाट्या उपड्या घातलेल्या.
चार होत्या.